'नो' म्हणजे नक्की काय? हो, नाही, की बघू?

ब्रनोकरीण

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

गेल्या वर्षीपासून मी चेक रिपब्लिकमधल्या ब्रनो शहरात राहते. घरमालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या, इंग्रजीचा गंध नाही, आणि माझं चेक म्हणजे आठवड्यातून दोन संध्याकाळी क्लास, तेवढंच. सप्टेंबरात मी एक जुनी सायकल घेतली. राहते तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. इथे जुन्या इमारतींच्या तळघरात प्रत्येक बिऱ्हाडाची जाळीची एकेक कोठडी असते, आमच्या कोठडीची किल्ली बाईंकडे. मी वाक्य घोकून घोकून त्यांच्या दारात गेले, "मूझू दात् कोलो दो स्क्लेपा?", म्हणजे सायकल तळघरात ठेवू का. त्यांनी ओले हात पदराला, आपलं ॲप्रनला पुसले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "नोऽऽऽ..."

मी आभार मानून परत फिरले. आणि तीन आठवडे रोज सायकल खांद्यावर घेऊन तीन मजले चढले. मग एक दिवस त्या जिन्यात भेटल्या, सायकल बघितली, माझं मनगट धरलं आणि थेट तळघरात नेलं. तिथे काकडीच्या लोणच्याच्या बरण्या एका बाजूला फळीवर सरकवून सायकलपुरती जागा करून ठेवलेली, खाली जुनं सतरंजीसारखं कापडसुद्धा अंथरलेलं. मला रडूच आलं.

क्लासमधल्या शिक्षिकेने सांगितलं की चेकमध्ये नाहीला 'ने' म्हणतात आणि होला 'आनो', आणि बोलताना त्या आनोचं नुसतं 'नो' होतं. पण मग तो इतका लांबवलेला का होता? तो हो होता की बघू होता? आणि तुमच्यापैकी युरोपात इतरत्र राहिलेल्यांना असा अनुभव आलाय का? हा 'नो' मला सोडत नाहीये, म्हणून विचारतेय.

व्रोत्सवाफचा_पाहुणा

अगदी अगदी! पोलिशमध्ये पण हेच. हो म्हणजे 'ताक', नाही म्हणजे 'न्ये', पण रोजच्या बोलण्यात हो म्हणजे 'नो'. माझा शेजारचा सहकारी फोनवर आईशी बोलताना पाच मिनिटं नुसतं "नो, नो, नो, नो... नो" करायचा, मला वाटायचं घरी काहीतरी मोठं भांडण चाललंय, हा बिचारा सगळ्याला नकार देतोय. नंतर कळलं आई किराण्याची यादी सांगत होती.

एक सांगतो, पोलिशमध्ये मोठ्या माणसाला, मास्तरांना नुसतं 'नो' म्हणणं बरं दिसत नाही, तिथे 'ताक'च. आपल्याकडे आजोबांनी हाक मारल्यावर "हं" म्हटलं की "हं काय हं, ओ म्हण" व्हायचं ना, तसंच.

साखरभात

ताक म्हणजे हो??? मी पोलंडमध्ये उन्हाळ्यात सुखाने राहीन.

निळी_छत्री

हसून हसून पुरेवाट, साखरभात.

@ब्रनोकरीण, कापड अंथरलेलं वाचून मलाही भरून आलं. अशी माणसं मिळायला भाग्य लागतं.

तांपेरेवासी

फिनलंडहून हजेरी. आमच्याकडे 'नो' म्हणजे होही नाही आणि नाहीही नाही. 'नो' म्हणजे आपलं "बरं", "हं", "तर मग". आणि त्याचा मोठा भाऊ "नो नीन". मीटिंग सुरू करायची, "नो नीन". मीटिंग संपवायची, सगळे मांड्यांवर हात मारून "नो नीऽन". सर्व्हर बंद पडला, हळू आवाजात "नो नीन". तीन तास खपून चालू झाला, "नो NIIN" असं इंग्रजीत लिहिलं तर मोठ्या अक्षरांत लिहावं लागेल असं, देवनागरीत कसं लिहू कळत नाही! पाहुण्यांनी निघावं असं वाटलं तरी घरवाला खिडकीबाहेर बघत "नो नीन" म्हणतो आणि पाहुणे उठतात.

मला फिनिश शिकवणाऱ्या काकू म्हणायच्या की सूर कळला की शब्द कळला. सुरुवातीला मला हे पटायचं नाही, मी वहीत अर्थांची यादी करत बसायचो. आता पटतं.

अवांतर: फिनिशमध्ये नाहीला 'एइ' म्हणतात आणि गंमत म्हणजे तो चक्क क्रियापदासारखा चालतो. मला माहीत नाही, 'एन तिएदा'. तुला माहीत नाही, 'एत तिएदा'. त्याला माहीत नाही, 'एइ तिएदा'. वर्गातले जर्मन, स्पॅनिश पोरं डोक्याला हात लावून बसलेले, की नाही हा शब्द कसा काय चालवायचा. मला पहिल्या दिवशी समजलं, कारण आपण नाही, नाहीस, नाहीत, नको, नकोस, नका हे लहानपणापासून करतोच की. त्या वर्गात मराठी असल्याचा इतका आनंद मला आधी कधी झाला नव्हता.

शब्दवेल्हाळ

धागा छान आहे पण एक गोष्ट आत्ताच स्पष्ट करतो, नाहीतर पुढे "बघा, सगळ्या जगात एकच शब्द" सुरू होईल. हे सगळे 'नो' एक नाहीत, फक्त उच्चार जुळलाय. इंग्रजीचा नो हा जुन्या इंग्रजीतल्या 'ना'पासून आला, तो ना म्हणजे ने अधिक 'कधीही' असा जोड. इटालियन, स्पॅनिशमधला नो लॅटिनच्या 'नोन'पासून. या दोघांच्या मुळाशी जो 'ने' आहे तोच आपल्या संस्कृत 'न'च्या, रशियन 'न्येत'च्या आणि चेक 'ने'च्या मुळाशी, हे नातं पक्कं आहे. पण चेक-पोलिश होकाराचा नो त्या घरातला नाही, फिनिश तर कुटुंबच वेगळं. आडनाव सारखं म्हणून भाऊबंद ठरत नाहीत.

रशियनवाली_काकू

शब्दवेल्हाळ यांच्याशी सहमत, भर घालते. मी पुण्यात बरीच वर्षं रशियनच्या शिकवण्या घेतल्या. रशियनमध्ये 'नो' म्हणजे 'पण'. पहिल्याच महिन्यात मुलं वाचताना अडखळायची, "तो चांगला आहे, नो..." आणि इथे थांबायची, त्यांना वाटायचं वाक्य संपलं, चांगला आहे, नाही! मी सांगायचे, बाळांनो, रशियनमध्ये नो आला की कान टवकारायचे, खरी गोष्ट त्याच्या पुढे असते. घोड्याला हाकतानाही गाडीवान 'नो!' म्हणतो, तिथे अर्थ चल!

आणि होकार-नकारच बघायचा तर रशियनांचं "दा न्येत, नावेर्नोये" ऐका. शब्दशः "हो नाही बहुतेक". अर्थ, बहुतेक नाहीच. ते सुरुवातीचं 'दा' तिथे हो नसतंच, आपण "अगं नाही गं" म्हणतो त्यातलं 'अगं' समजा.

गुळाचा_चहा

"अगं नाही गं" हे भाषांतर फ्रेम करून ठेवण्यासारखं आहे काकू.

रीगात_रुतलेला

मी लाटवियात शिकतोय. इथे 'नो' म्हणजे 'पासून, हून'. रीगाहून म्हणजे 'नो रीगास'. हॉस्टेलवर पहिल्या दिवशी सगळे येऊन विचारायचे "नो कुरिएनेस?", म्हणजे कुठून आलास, आणि मला वाटायचं प्रत्येक जण आल्या आल्या मला नाही म्हणतोय. त्या आठवड्यात एकटं वाटत होतं म्हणून जास्तच लागलं असेल. आता कुणी विचारलं की ऐटीत सांगतो, नो इंदियास, आणि पुढे न विचारताच सोलापूर पण सांगतो.

इंजिनरूम

मंडळी, नो राहू द्या, 'ने' ऐका. मी जहाजावर इंजिनियर, मूळ गाव गुहागरजवळ. पहिलं जहाज ग्रीक मालकाचं, चीफ इंजिनियर ग्रीक. मी विचारलं, सर हा पंप बंद करू? ते म्हणाले "ने, ने". मी हात मागे घेतला. ते ओरडले, "ने! ने!" मी आणखी दोन पावलं मागे. शेवटी त्यांनी स्वतः येऊन व्हॉल्व्ह फिरवला आणि माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका. ग्रीकमध्ये ने म्हणजे हो. नाही म्हणजे 'ओही'. आपल्या कानाला ने म्हणजे नेमकं उलट, न आला की नकारच वाटतो.

त्यात मानेची भानगड. ग्रीक माणूस नाही म्हणताना मान हलवेलच असं नाही, भुवया वर, हनुवटी जरा वर आणि जिभेने 'च्च'. पण हे मला पटकन जमलं, कारण आमची आजी भाजीवाल्याला नको म्हणायची तेव्हा अगदी हेच करायची, भुवई वर आणि "च्यक्". पुढे त्याच चीफशी माझं इतकं जमलं की त्यांनी मला पिरेअसला घरी जेवायला नेलं होतं.

सोफियाची_पायरी

मान म्हणालात म्हणून. बल्गेरियात 'दा' म्हणजे हो आणि 'ने' म्हणजे नाही, शब्द सरळ आहेत, पण मान उलटी! हो म्हणताना डावी-उजवीकडे हलवतात, नाही म्हणताना वर झटका. आणि परदेशी माणूस दिसला की काही जण मुद्दाम आपल्या पद्धतीने हलवतात, मग तर काहीच कळत नाही. आपली गोल गोल हलणारी मान बघून माझ्या शेजारणीने विचारलं होतं, हे हो आहे का नाही? मी म्हटलं, हे "ऐकतेय, बोला".

इतिहासाचा_वाटसरू

ग्रीसमध्ये त्या 'ओही'ची तर राष्ट्रीय सुट्टी असते. २८ ऑक्टोबर. १९४० साली मुसोलिनीने सैन्य घुसवायची परवानगी मागितली, पंतप्रधान मेटाक्सास यांनी पहाटे इटालियन राजदूताला नकार दिला, तो ओही दिवस. प्रत्यक्षात ते बोलले फ्रेंचमध्ये, "मग हे युद्धच". लोकांनी त्याचा अर्थ एका शब्दात धरला, ओही. एक शब्द सबंध देशाने उचलून धरला, मला हे फार मोठं वाटतं.

मडगांवची_मोनी

गोंयच्यान देव बरें करूं! आमचे आजोबा पोर्तुगीज शाळेत शिकलेले. पोर्तुगीजमध्ये 'नो' लिहितात, पण पोर्तुगालच्या पद्धतीने उच्चार 'नु' असा, आणि अर्थ 'च्यात'. बाजारात म्हणजे 'नु मेर्कादु'. स्त्रीलिंगी शब्द असेल तर 'ना', चर्चमध्ये म्हणजे 'ना इग्रेजा'. लहानपणी मला वाटायचं आजोबा "ना इग्रेजा" म्हणजे आज चर्चला जायचं नाही म्हणतायत, आणि मी खूश होऊन खेळायला पळायचे, कारण कोंकणीत ना म्हणजे नाहीच. मग आजी कान धरून न्यायची.

खरा नाही म्हणजे 'नांव' असं नाकातून. आणि "हो की नाही?" असं शेवटी जोडायचं असेल तर 'नांव ए', त्याचं बोलताना झालं 'ने?'. ब्राझीलचे लोक तर प्रत्येक वाक्याला 'ने?' लावतात. उकडतंय, ने? उशीर झाला, ने? बस, हे तर आपलंच झालं. उकडतंय ना? उशीर झाला ना?

निळी_छत्री

मोनी, हे भारी! म्हणजे आपल्या 'ना'सारखंच. जर्मन लोक पण वाक्याच्या शेवटी 'ने?' करतात, आणि भेटल्यावर नुसतं "ना?" म्हणजे "काय मग?"

साखरभात

मग आपला ना पण नाहीवाला आहे का? "चल ना" मध्ये नाही कुठे आहे? उलट लाडीगोडी आहे.

पोथीनिष्ठ

साखरभात, प्रश्न चांगला विचारलात, जरा सविस्तर लिहितो.

हा गोंधळ आजचा नाही. वेदातल्या शब्दांचे अर्थ उलगडणाऱ्या प्राचीन यास्काने त्याच्या 'निरुक्त' या ग्रंथात नेमका हाच मुद्दा घेतलाय. तो म्हणतो, बोलीभाषेत 'न' निषेधाचा, पण वेदात दोन्ही आहे, निषेध आणि उपमा. "नेन्द्रं देवममंसत", इंद्राला देव मानलं नाही, हा निषेध. आणि "दुर्मदासो न सुरायाम्", दारूने माजलेल्यांसारखे, इथे न म्हणजे 'सारखा'. एकच अक्षर, एकीकडे नाही आणि एकीकडे 'जणू'. मग ओळखायचं कसं? यास्काचं उत्तर मला फार आवडतं. निषेधाचा न आधी येतो, उपमेचा न नंतर. जागा बघा, म्हणतो तो.

आता आपल्या मराठीकडे या. "न सांगता", "न बोलता", "न जाणो". आधी आला, निषेध. "सांग ना", "बोल ना", "जा ना". नंतर आला, विनवणी. "न रागावता बोल ना" या एका वाक्यात दोन्ही आहेत, आणि चार वर्षांचं पोरगंसुद्धा त्यात गल्लत करत नाही. वैदिक उपमेचा न आणि आपला आर्जवाचा ना एकच असं मी म्हणत नाहीये, पण जागा बदलली की काम बदलतं ही खूण तीच आहे.

तांपेरेवासी

"न रागावता बोल ना". दोनदा मोठ्याने म्हणून बघितलं. काय भाषा आहे आपली!

शब्दवेल्हाळ

पोथीनिष्ठ, मान गये. मी वर फक्त उगमाचं बोललो, पण जागेचा आणि सुराचा मुद्दा उगमाइतकाच महत्त्वाचा आहे हे मान्य. फ्रेंचमध्ये तर याच्याही पुढे गेलंय. तिथे नकाराला आधी 'न' आणि मागून 'पा' लावायचे. पा म्हणजे मुळात पाऊल, "एक पाऊलही चालत नाही" असा जोर द्यायला आलेला. आता बोलताना लोक न गाळतात आणि नुसत्या पा वर काम भागवतात. "ज से पा", मला माहीत नाही. यात खरा नकार कधीच गळून पडलाय आणि पाऊल नकार होऊन बसलंय. ओटो येस्पर्सन या डॅनिश भाषातज्ज्ञाने १९१७ साली हे चक्र नीट मांडून दाखवलं.

बर्लिनची_वारी

मला एक वेगळंच अडतं. जर्मन माणसाने विचारलं "तू जेवली नाहीस?" आणि मी जेवले असेन तर 'या' म्हणू की 'नाइन'? तिथे तिसराच शब्द आहे, 'दॉख'. फ्रेंच 'सी' म्हणतात, स्वीडिश 'यू'. नाहीवाल्या प्रश्नाला खोडून काढणारा होकार. मी वर्षभर या-नाइन करत गोंधळ घालत होते आणि मग एकदा आईला फोनवर ऐकलं. मी म्हटलं, "तू गोळी घेतली नाहीस?" आई म्हणाली, "घेतली की!" तो 'की' म्हणजेच दॉख! आपल्याकडे आहेच, फक्त मागे लावलेला. त्या दिवसापासून चुकले नाही, मनात आधी "घेतली की" म्हणते आणि तोंडाने दॉख.

रशियनवाली_काकू

वा गं पोरी. शिकवणीत आता हेच सांगणार.

कडक_शिस्त

सगळं वाचलं. छान आहे, पण ज्या देशात राहायचं त्याची भाषा आधी शिकून जावं, म्हणजे तीन आठवडे सायकल उचलावी लागत नाही. हो आणि नाही तरी निदान यायला हवं.

इंजिनरूम

कडक_शिस्त, पुस्तकात आनो आणि ने एवढंच असतं हो. नो पुस्तकात नसतो, तो जिन्यात भेटतो. मलाही ग्रीकचं पुस्तक कुणी दिलं नव्हतं, पंप दिला होता.

व्रोत्सवाफचा_पाहुणा

इंजिनरूम +१. आणि पुस्तक वाचूनही फसायला होतं. पोलिशमध्ये "नो ताक" म्हणजे "हो तर, बरोबर". तेच दोन शब्द सीमेपलीकडे चेकमध्ये म्हटले तर "असू दे रे, चल आता", मुलाची समजूत काढताना म्हणतात तसं. प्रागला मी हॉटेलवाल्याला आत्मविश्वासाने "नो ताक" म्हटलं, त्याने माझ्या खांद्यावर थोपटलं.

ब्रनोकरीण

बापरे, किती सुंदर लिहिलंय सगळ्यांनी, मी तीन वेळा वाचलं. मूळ प्रश्नाचं उत्तर मात्र मीच घेऊन आलेय.

रविवारी बाईंनी बुख्त्या केल्या होत्या, आत आळुबुखारचा जाम घातलेले गोड पाव, मला चार आणून दिल्या. मी धीर करून बसवून घेतलं आणि विचारलं, त्या दिवशी तुम्ही नोऽऽऽ म्हणालात तो काय होता? त्यांना आधी आठवेचना. मी तस्सा लांबवून म्हणून दाखवला, हात पुसण्यासकट. मग त्या हसल्या आणि हळूहळू, मला कळेल असं सांगितलं: हो तर हो, त्यात काय, पण बरण्या होत्या ना तिथे, त्या कुठे हलवाव्यात याचा विचार करत होते. म्हणजे पहिला 'नो' हो होता आणि लांबवलेला भाग बरण्यांचा होता!

मी सांगितलं की मला वाटलं तुम्ही नाही म्हणालात. त्यावर दोन्ही हात गालांना लावून म्हणाल्या, "नो तो ने!" आधी नो, शेवटी ने, आणि अर्थ "छे छे, काहीतरीच!" पोथीनिष्ठांचा यास्क आठवला मला, जागा बघा.

आणि काल रात्री पुण्याला फोन केला होता. आईने नेहमीसारखं विचारलं, जेवलीस का? माझ्या तोंडून सहज निघून गेलं, "नो". पलीकडे क्षणभर शांतता आणि मग आई म्हणाली, "अगं साडेदहा वाजले तिथे, मग जेव ना!"